ताश्कंद म्हणजे 'स्वस्तातला युरोप' नव्हे

उझबेकिस्तानच्या राजधानीला, ताश्कंदला, जाऊन आलेल्या आपल्या लोकांच्या पोस्ट दोनच प्रकारच्या असतात. एक, 'स्वस्तातला युरोप'. दुसरी, 'सोव्हिएत काळात गोठलेलं शहर'. पहिली डीलर टूरवाल्यांची, दुसरी जरा वाचन असलेल्यांची. मी तिथे पर्यटक म्हणून नाही, कामासाठी राहिलेय. औषधांच्या कारखान्यात, गुणवत्ता विभागात. पहिल्या पोस्टचा मला राग येतो आणि दुसरीचा कंटाळा. आज दोन्हींवर बोलते, पोस्ट लांबणार आहे.

राग आधी. खतं-बियाण्यांचे दुकानदार, सिमेंट-रंगाचे डीलर, विम्याचे एजंट यांना टार्गेट पूर्ण झालं की कंपन्या पूर्वी बँकॉक-पटायाला न्यायच्या, आता ताश्कंदला नेतात. दिल्लीहून विमान तीन तासांच्या आसपास, व्हिसा ऑनलाइन, घड्याळ फक्त अर्धा तास मागे करायचं. कार्यक्रम ठरलेला: अमीर तैमूर चौक, चिमगानचे डोंगर, शास्त्रीजींच्या पुतळ्यापाशी ग्रुप फोटो, रात्री इंडियन जेवण आणि त्यासोबत 'डान्स शो'. इथवर ठीक आहे. वर्षभर दुकानात उभ्या राहिलेल्या माणसानं चार दिवस मजा केली तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही. पण जायच्या आधीपासून ग्रुपवर जी कुजबुज चालते, 'रात्रीचं काय?', ती तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

हॉटेलच्या लॉबीत, मेट्रोत, विमानतळावरच्या रांगेत मी अस्सल मराठी ऐकलंय. इथे आपलं कुणाला कळत नाही या खात्रीनं बोललेलं मराठी. ते इथे लिहिता येणार नाही. शेजारी उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोरींचे न विचारता काढलेले फोटो, 'मॅडम वन सेल्फी', नको म्हटल्यावरही मागे मागे जाणं. त्या मुलींना मराठी कळायची गरज नसते. प्रयोगशाळेतल्या माझ्या एका सहकारी बाईनं एकदा चहा पिता पिता सरळच विचारलं, "तुमच्याकडचे पुरुष घरी पण असेच असतात का?" सगळे नसतात, मी म्हटलं. ती म्हणाली, "सगळे नसतील, पण येतात ते हेच."

आणि याच शहरात साठी ओलांडलेली कुठलीही बाई भारतीय चेहरा दिसला की थांबते, राज कपूरचं नाव घेते, मिथुनचं घेते आणि शब्द चुकवत पण चाल बरोबर धरून दोन ओळी म्हणून दाखवते. टॅक्सीवाल्या एका आजोबांनी तर माझ्याकडून पैसे घ्यायला नकार दिला होता. मी जबरदस्तीनं दिले. त्या पिढीनं आपल्याबद्दल जे प्रेम जपलंय, त्यासाठी आपण काडीचं काही केलेलं नाही. ते फुकट मिळालं आणि आता आपण ते त्यांच्या नातींच्या पिढीत उधळून टाकतोय.

आता दुसरी पोस्ट. 'गोठलेलं शहर.' सोबत हॉटेल उझबेकिस्तानचा फोटो असतोच. ती इमारत १९७४ची, पुस्तक उघडून उभं ठेवावं तशी, दर्शनी भागावर सिमेंटची जाळी. खाली ओळ: 'इथे काळ थांबलाय.' अहो, त्या हॉटेलसमोरच्या चौकात बघा की काळ किती थांबलाय ते. झारच्या काळात तिथे गव्हर्नर जनरल कौफमनचा पुतळा होता. क्रांतीनंतर तो गेला. मग स्टालिन आला, गेला. मग मार्क्स आला, तोही गेला. १९९३ पासून घोड्यावर बसलेला तैमूर आहे. चौकाभोवती चिनारांची जुनी दाट झाडी होती, ती २००९ मध्ये एका फटक्यात तोडली. लोक अजून ते बोलून दाखवतात, फक्त आवाज जरा खाली करून.

आपल्याला ताश्कंद माहीत आहे ते शास्त्रीजींमुळे. १० जानेवारी १९६६ला पाकिस्तानच्या अयूब खान यांच्याबरोबर करारावर सही आणि त्याच रात्री, म्हणजे ११ तारखेच्या पहाटे मृत्यू. आपल्याकडे ताश्कंद म्हटलं की विषय तिथेच जातो. विष दिलं का, शवविच्छेदन का नाही केलं, यावर रात्र काढता येते. पण तिथल्या माणसाला '१९६६' म्हणा. त्याला वेगळंच आठवतं. २६ एप्रिल, पहाटे सव्वापाच उलटून गेले होते. भूकंप फार मोठा नव्हता, रिश्टरवर पाचच्या थोडा वर, पण अगदी उथळ आणि थेट शहराच्या पोटाखाली. जुनी मातीच्या विटांची घरं बसली. सुमारे ३ लाख लोक उघड्यावर आले. आपलं १९६६ जानेवारीत संपतं, त्यांचं एप्रिलमध्ये सुरू होतं. शास्त्रीजी ज्या शहरात गेले त्यातला बराचसा भाग साडेतीन महिन्यांनी उरलाच नाही.

मग सगळ्या सोव्हिएत प्रजासत्ताकांतून बांधकामाच्या तुकड्या आल्या आणि शहर नव्यानं उभं केलं. ज्या पॅनेलच्या इमारतींना आपण 'उदास सोव्हिएत डबे' म्हणतो, त्या तंबूत राहणाऱ्या लोकांना मिळालेल्या पक्क्या घरांच्या आहेत. आणि डबे तरी कुठे? जवळ जाऊन बघा. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून खिडक्यांपुढे ऊन अडवणाऱ्या नक्षीदार जाळ्या. इमारतींच्या बिनखिडक्यांच्या भिंतींवर मजलेच्या मजले चढत गेलेली मोझेक चित्रं, त्यातली कितीतरी झार्स्की नावाच्या भावांनी केलेली. मॉस्कोत असली जाळी तुम्हाला कशाला दिसेल? तिथे ऊन अडवत नाहीत, शोधतात. म्हणजे मॉस्कोहून आलेला आराखडा या मातीत उतरताना बदलला. हे कुणाच्या पोस्टमध्ये येत नाही.

मेट्रो मात्र येते आणि आलीच पाहिजे. १९७७ची, मध्य आशियातली पहिली. 'कोस्मोनावत्लार' स्टेशनात निळ्या भिंतींवर अंतराळवीर गागारिन, तेरेश्कोवा आणि त्यांच्याच रांगेत पंधराव्या शतकातला समरकंदचा खगोलज्ञ राजा उलुगबेग. आज तिथे सगळे रील काढतात. २०१८ पर्यंत मेट्रोत फोटो काढायला बंदी होती, कारण स्टेशनं बॉम्बहल्ल्यात आसरा म्हणून बांधलेली, म्हणजे सरकारी दृष्टीनं लष्करी जागा. माझ्या पोटात मात्र कालवाकालव झाली ती वेगळ्याच गोष्टीनं. डब्यात म्हातारं माणूस शिरलं की वीस वर्षांचा पोरगा आधी उठतो, मग फोनमधून मान वर काढतो.

कामाचं सांगते. सकाळी कारखान्यात पोचलं की पहिली दहा मिनिटं कामच होत नाही. प्रत्येक पुरुष प्रत्येक पुरुषाशी हात मिळवतो, डावा हात छातीवर, तब्येत, घर, मुलं, आईवडील सगळ्यांची चौकशी. बायकांचं वेगळं, गालाला गाल. मोठा असेल तर नावापुढे 'आका', मोठी असेल तर 'ओपा'. सुरुवातीला माझी नजर घड्याळाकडे जायची. नंतर लक्षात आलं की बॅच अडकली, रात्री उशिरा कुणाला थांबवायचं झालं, तर या दहा मिनिटांवरच सगळं चालतं. ज्यानं सकाळी माझ्या आईच्या गुडघ्याची चौकशी केली, तो संध्याकाळी 'माझी शिफ्ट संपली' म्हणत नाही.

कागदांचा मात्र छळ. मशीन बसवलं, चाचणी झाली, आकडे बरोबर आले, तरी काही झालं नाही असंच समजा, जोवर 'आक्त' तयार होत नाही. आक्त म्हणजे काम झाल्याचा सह्यांचा कागद. त्यावर सगळ्या विभागांच्या सह्या आणि वर गोल निळा शिक्का. एक सही करणारा गावाला गेला की आठवडा गेला. आपल्या सरकारी कचेऱ्यांची सवय असलेल्या मलाही दम लागला. आता बरंच ऑनलाइन झालंय म्हणतात. झालंय खरं, पण ऑनलाइन झालेल्याची प्रिंट काढून तिच्यावर शिक्का मारलेला मी पाहिलाय.

गुणवत्ता विभागातल्या बायका हा माझ्यासाठी सगळ्यात मोठा धडा. पन्नाशी-साठीतल्या, रसायनशास्त्र पक्कं, हातानं टायट्रेशन (थेंब थेंब घालून द्रावणाची तीव्रता मोजणं) करतील तर मशीनशी ताडून बघावं. कारखान्यात बाईनं वरिष्ठ असणं त्यांना विशेष वाटतच नाही. त्यांच्या आयाही कुठे ना कुठे लॅबमध्ये होत्या. हे सोव्हिएत काळानं दिलं, नाही म्हणायचं कारण नाही. पण त्याच बायका घरी जाऊन रात्री सगळ्यांचा स्वयंपाक करतात आणि त्यांची सून, 'केलिन', दिवस उजाडायच्या आत अंगण झाडून पाणी शिंपडते. क्रांती प्रयोगशाळेपर्यंत आली, अंगणात शिरली नाही.

आणि त्याच बायकांनी मला कापसाचंही सांगितलं. शरद ऋतू आला की विद्यार्थी, शिक्षक, दवाखान्यांतल्या नर्स, सगळ्यांना शेतात कापूस वेचायला धाडायचे. सोव्हिएत काळात आणि स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं. ही सक्ती संपल्याचं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं म्हटलं ते २०२१च्या हंगामानंतर. कापसाला पाणी पुरवता पुरवता तिकडे अरल समुद्र आटला. मी विदर्भात नातेवाईक असलेली बाई, कापूस म्हटलं की कान टवकारतात. तर एकीनं विचारलं, तुमच्याकडे कोण वेचतं? मजुरीनं बायका, म्हटलं. "म्हणजे पैसे मिळतात," ती म्हणाली. किती मिळतात ते मी सांगितलं नाही.

'सोव्हिएत' ही शिवीही नाही आणि कौतुकही नाही, तिथे राहिलं की ती रोजची सोय-गैरसोय असते. उदाहरणार्थ हिटर. आमच्या इमारतीला गरम पाण्याच्या पाइपांनी शहरभराच्या केंद्रातून ऊब यायची. आपल्या हातात बटण नाही. शहर ठरवेल तेव्हा सुरू, शहर ठरवेल तेव्हा बंद. बाहेर बर्फ आणि घरात इतकं उकडायचं की लोक खिडक्या उघडून बसायचे. पण २०२३च्या जानेवारीत पारा उणे वीसच्या आसपास गेला, गॅस कमी पडला, वीज गेली आणि शहराच्या कित्येक भागांत ऊब बंद झाली. जगातल्या मोठ्या गॅस उत्पादकांत गणला जाणारा देश आणि राजधानीत लोक कोट घालून झोपले. शहराच्या महापौराला, तिथे 'होकिम' म्हणतात, पद सोडावं लागलं. सगळं एकाच नळातून आलं की तो नळ बंद झाल्यावर कुणाकडे काहीच उरत नाही.

आणि आता जे पाडलं जातंय, त्याच्याबद्दल मला जास्त काळजी वाटते. चकचकीत 'ताश्कंद सिटी'साठी २०१८ पासून शहराच्या मधोमध असलेले जुने महल्ले पाडले. अंगण, द्राक्षांचा मांडव, तुतीचं झाड, बाहेरून वाहणारा पाण्याचा पाट, असली घरं. त्यांच्या जागी काचेचे टॉवर. आपल्या टूरवाल्यांना आवडतात तेच. झाडं तोडण्यावर २०१९ पासून बंदी आहे, तरीही झाडं जाताना दिसतात आणि हिवाळ्यात हवा अशी होते की घसा धरतो. भूकंपानं एकदा शहर नेलं, ते समजू शकतं. हे मात्र आपण होऊन चाललंय. पुण्यात राहणाऱ्यांना यातलं काहीच नवं वाटणार नाही.

जाणाऱ्यांनी जरूर जावं. डिसेंबर-जानेवारीत नको, एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. चोरसू बाजाराच्या निळ्या घुमटाखाली सकाळी जा. तिथे कोरियन आज्या गाजराचं तिखट-आंबट सॅलड विकतात. १९३७ मध्ये स्टालिननं अतिपूर्वेकडून गाड्यांत कोंबून आणून टाकलेल्या कोरियन लोकांच्या या लेकी-नाती. त्यांच्याकडून घ्या, चव जबरदस्त. शाकाहारींचे हाल होतात ही अर्धी गोष्ट खरी आहे. पुलावात मांस असणारच, 'बिना मांसाचा' मागितलात तर मांस बाजूला काढून तेवढंच ताट पुढे करतील. पण तंदुरातली गरम नान, टोमॅटो-कांद्याचं सॅलड 'अच्चिक-चुचुक', दही, अक्रोड, खरबूज आणि भोपळ्याचा सामसा (तंदुरात भाजलेला समोसाच) यांवर मी महिनेच्या महिने काढलेत. सामसा घेताना भोपळ्याचाच आहे ना, ते दोनदा विचारा. चरबीचे तुकडे कधी कधी त्यातही असतात. नान ताटात उलटी ठेवू नका, घरातलं मोठं माणूस न बोलता सरळ करून ठेवेल आणि तुम्हालाच ओशाळल्यासारखं होईल. चहा पेल्यात अर्धाच ओतला तर कंजूषपणा समजू नका, पुन्हा पुन्हा ओतायला मिळावा म्हणून तो तसा असतो. काठोकाठ भरून दिला तर मात्र उठायची वेळ झाली.