तुमच्या एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. तुम्ही लिहिलंय, गेम खेळताना बंद पडणारा लॅपटॉप आमच्याकडे दिला, आम्ही सहा दिवस ठेवून घेतला, १,८०० रुपये घेतले, आणि घरी नेल्यावर तिसऱ्याच दिवशी परत तेच सुरू झालं. मग आम्ही हार्ड डिस्क खराब आहे म्हणून आणखी ६,८०० सांगितले. आता डिस्क उघडतच नाही, त्यात ताईच्या साखरपुड्याचे फोटो आहेत. आणि शेवटी, 'चांगली डिस्क काढून खराब टाकली असणार.'

हे शेवटचं वाक्य सोडून बाकी सगळं खरं आहे. डिस्क पहिल्याच दिवशी बघायला हवी होती, ती आम्ही बघितली नाही. त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

असं का झालं ते सांगतो. लॅपटॉप आला तेव्हा गेम लावून दहा मिनिटांत प्रोसेसर ९७ अंशांवर गेला. डावा पंखा घरघरत होता. खालचं कव्हर काढलं तर हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या, जाळीवर धुळीचा गोधडीतल्या कापसासारखा थर. सिंहस्थाच्या रस्त्यांच्या कामांमुळे सध्या शहरातल्या बऱ्याच मशीन अशाच भरून येतायत. पंखा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवला, मध्ये रविवार आला, म्हणून सहा दिवस गेले. पंखा बदलला, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदलली, तापमान ८१ वर आलं. दोन तास स्ट्रेस टेस्ट, म्हणजे मशीनवर मुद्दाम पूर्ण ताण टाकणारी चाचणी, लावली, नंतर दुकानातल्या एसएसडीवरचा (चिपवाली, न फिरणारी डिस्क) आमचा गेम तासभर चालवला. एकदाही बंद पडला नाही, म्हणून बिल केलं.

पण तुमच्या लॅपटॉपमध्ये दोन ड्राइव्ह आहेत. विंडोज २५६ जीबीच्या एसएसडीवर, आणि तुमचे सगळे गेम डी ड्राइव्हला, म्हणजे १ टीबीच्या फिरत्या हार्ड डिस्कवर. स्ट्रेस टेस्टचा लोड प्रोसेसर आणि ग्राफिक्सवर येतो, त्या डिस्कला हातही लागत नाही. आमचा गेमही आमच्या एसएसडीवरून चालला. दुखणं ज्या डिस्कमध्ये होतं, तिला आम्ही सहा दिवसांत एकदाही कामाला लावलं नाही.

तुमचं जॉब कार्ड आज पुन्हा काढून बघितलं. तक्रारीच्या रकान्यात दुकानात काम करणाऱ्या मुलाने लिहिलंय, 'गेम बंद पडतो.' एवढंच. तुम्ही काउंटरवर काय सांगितलं होतं ते मला नीट आठवतंय, कारण मी शेजारीच उभा होतो. 'नवीन मॅप लोड होताना अडकतो, आवाज एकाच जागी रेंगाळतो, मग डेस्कटॉपवर येतो.' तुमच्या त्या एका वाक्यात अर्धं निदान होतं. उष्णतेने मशीन जाते तेव्हा वीस-तीस मिनिटं खेळल्यावर अख्खा लॅपटॉप एकदम काळा पडतो. रॅमची भानगड असेल तर बहुतेक वेळा निळा स्क्रीन येतो आणि दर वेळी कोड वेगळा दिसतो. पण मॅप लोड होतानाच अडकणं म्हणजे बहुतेक वेळा डिस्क एखादा सेक्टर, म्हणजे डेटा ठेवायचा छोटा कप्पा, वाचायचा परत परत प्रयत्न करते आणि गेम तिची वाट बघत थांबतो. त्या वेळी टास्क मॅनेजर उघडला तर डिस्क १०० टक्के दिसते आणि वाचण्याचा वेग मात्र शून्याजवळ.

इव्हेंट व्ह्यूअरचा, म्हणजे विंडोज आपल्या बिघाडांची नोंद ठेवतं त्या यादीचा, फोटोही कार्डासोबत आहे. त्यात 'कर्नल-पॉवर ४१' आहे. मशीन नीट शटडाऊन न होता बंद पडली, एवढंच तो सांगतो, का पडली ते सांगत नाही. आम्ही तो बघितला, लॅपटॉप हाताला गरम लागला, आणि तिथेच थांबलो. त्याच फोटोत दोन ओळी वर 'डिस्क, इव्हेंट ७' आहे, म्हणजे बॅड ब्लॉक, डिस्कवरची खराब जागा. म्हणजे तुमच्या मशीनला एकाच वेळी दोन आजार होते. पहिला खराच होता आणि तो सापडला, म्हणून दुसरा शोधला नाही.

दुसऱ्यांदा आलात तेव्हा क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम लावला. ड्राइव्ह पिवळा, म्हणजे धोक्याचा इशारा, दाखवत होता. डिस्कने बाद करून बदललेले सेक्टर ४०, आणि वाचता न आल्याने लटकलेले १८४. केबलमुळे होणाऱ्या चुकांचा आकडा शून्य होता, म्हणजे केबल बदलून भागणार नव्हतं.

आता डिस्क बदलल्याच्या आरोपाबद्दल. लॅपटॉप ताब्यात घेताना आम्ही आतल्या ड्राइव्हचे सीरियल नंबर कार्डावर लिहितो, खाली तुमची सही आहे. तोच नंबर डिस्कच्या स्टिकरवर आहे आणि सॉफ्टवेअरमध्येही तोच दिसतो. डिस्क किती तास चालली याची नोंद ती स्वतःच ठेवते. तुमची ६,२०० तासांच्या पुढे गेलेली आहे, तीन-साडेतीन वर्षांच्या वापराला हे जुळतं. कार्ड दुकानात आहे, येऊन स्वतः ताडून बघा. आमच्यावर राग धरा, तो तुमचा हक्क आहे, पण कुणाच्या डिस्कला आम्ही असा हात लावलेला नाही.

फोटोंचं मला सगळ्यात जास्त लागलंय. लॅपटॉप न्यायला तुमचा धाकटा भाऊ आला होता. 'ही डिस्क आता चालू करू नका, आधी डेटा काढू,' असं त्याला मी तोंडी सांगितलं. कार्डावर लिहून दिलं नाही. नंतर फोनवर तुम्ही सांगितलंत की व्हिडिओ बघून रात्रभर 'चेकडिस्क स्लॅश आर' चालवलं आणि सकाळपासून डिस्क टक् टक् करते. तुम्हाला दोष देत नाही. फोटो जातील या भीतीने कुणीही मिळेल तो उपाय करेल. पण ती कमांड डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचून काढते. मरायला टेकलेल्या डिस्कला हा तासन् तासांचा ताण सोसत नाही. शिवाय दुरुस्ती करताना ती फाइलींच्या नोंदीतही फेरफार करते. अशा डिस्कची आधी जशीच्या तशी नक्कल काढायची, आणि दुरुस्ती करायची तर त्या नकलेवर. हे तुमच्या हातात लेखी पडायला हवं होतं. कालपासून आमच्या कार्डावर तसा शिक्का सुरू केलाय, आणि कुठल्याही तक्रारीसाठी मशीन आली तरी डिस्कची तपासणी पहिली.

आता पुढचं. पंख्याचे १,१०० रुपये सोडून मजुरीचे ७०० परत देतो, कारण पंखा खरंच गेलेला होता. नवीन एसएसडी आमच्याकडूनच घ्या असं नाही. कुठूनही आणा, बसवून विंडोज आणि गेम टाकून देतो, मजुरी घेणार नाही.

जुनी डिस्क घेऊन या. लिनक्सवर डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कमधून डेटा काढायचा प्रोग्राम लावून नक्कल काढायचा प्रयत्न करतो. तो चांगला भाग आधी उचलतो आणि खराब जागांकडे नंतर परत येतो. दोन दिवस लागतील, चारही लागतील. फोटो मिळतीलच असा शब्द देत नाही. टक् टक् आवाज म्हणजे हेड, म्हणजे आतल्या फिरत्या प्लेटवरचा डेटा वाचणारा भाग, गेलेलं असू शकतं. तसं असेल तर काम क्लीन रूमच्या, म्हणजे धूळ नसलेल्या खास खोलीच्या, लॅबचं आहे, आमच्या टेबलावर होणार नाही, आणि त्याचा खर्च हजारांत जातो. तसं दिसलं तर मी तिथेच थांबेन आणि तुम्हाला फोन करेन. पुढे पाठवायचं की नाही ते ताईंना विचारून तुम्ही ठरवा.

तोवर डिस्कला वीज देऊ नका, एकदाही नाही. फ्रीजमध्ये ठेवा असं कुणी सांगेल, ठेवू नका, आत दव धरतं. आणि कुणाला उघडू देऊ नका. हेड प्लेटच्या वर काही नॅनोमीटरवर तरंगत असतं, त्यापुढे धुळीचा साधा कण म्हणजे धोंडा.

मी रोज दुपारी चारनंतर दुकानात असतो. डिस्क मऊ कापडात गुंडाळून डब्यात ठेवून आणा, गाडीच्या डिकीत नको, सीटवर मांडीवर धरून आणा. चार्जर आणायची गरज नाही.