महूचा प्लॉट आणि सात चौदाची गाडी

इंदूरच्या लोकमान्यनगरातलं घर विकून दादा शहराबाहेर महूकडे राहायला जायचं म्हणतोय. राऊच्या पुढे कुठल्याशा नव्या कॉलनीत त्याने प्लॉट बघितलाय, इसार अजून दिलेला नाही. वहिनीचा साफ नकार आहे आणि तिला गप्प करायला त्याने माझं नाव पुढे केलंय. "छोटी बघ, लंडन सोडून टेकड्यांपाशी राहायला गेली. सायकल चालवते. तब्येत बघ तिची." मागच्या रविवारी दोघं व्हिडिओ कॉलवर माझ्याकडून निवाडा घ्यायला बसले. मागे कुकर शिट्ट्या मारत होता. मी "दोघांचंही बरोबर आहे" असं काहीतरी पुचाट बोलून सुटले. तेव्हा बोलायला हवं होतं ते आता लिहिते.

आम्ही डोर्किंगला राहतो. लंडनच्या दक्षिणेला, सरे परगण्यात, रेल्वेने तासाभराच्या आत. गाव छोटंसं. पाच बोटांच्या कोंबडीची इथली जात प्रसिद्ध, म्हणून गावाबाहेरच्या चौकात प्रचंड मोठा धातूचा कोंबडा उभा केलाय आणि सणासुदीला लोक रात्रीतून त्याला टोपी नाहीतर मफलर चढवून जातात. एका बाजूला बॉक्स हिल, दुसऱ्या बाजूला रॅनमोर, मधून मोल नदी. २०१२ च्या ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या सायकल शर्यतीत बॉक्स हिलचा घाट नऊ वेळा चढायचा होता. मी एकदा चढते आणि वरच्या टपरीवर चहा पिऊन उतरते. अडीचेक किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ता, चढ बेताचा. पहिल्या वळणावर धाप लागते, दुसऱ्यावर सत्तरीचे एक गृहस्थ "मॉर्निंग" म्हणत शेजारून निघून जातात. दर शनिवारी तेच गृहस्थ.

दादाला हा फोटो दिसतो. खरं सांगायचं तर टेकड्यांचं मला फारसं कौतुक उरलेलं नाही. सरे परगण्यातली सगळ्यात उंच टेकडी, लीथ हिल, आमच्यापासून जवळच आहे. तिची उंची २९४ मीटर. इंदूर स्टेशनचा प्लॅटफॉर्मच समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे! चंबळेचा उगम असलेलं जानापाव, पातालपाणीचा धबधबा, चोरलचं पाणी, महूच्या छावणीतले झाडांच्या कमानीखालचे रस्ते, एवढं सगळं तासा-दोन तासांच्या सायकलीवर असलेल्या माणसाने सरेकडे बघून हळहळायचं काही कारण नाही.

मग मी इथे का राहते? लंडनला जाणाऱ्या सकाळच्या सात चौदाच्या गाडीसाठी. घरातून सात वाजता निघायचं, सायकल स्टेशनच्या शेडमध्ये लावायची, दोन कुलुपं घालायची (एकच घातलं होतं तेव्हा पुढचं चाक गेलं) आणि गाडीत बसायचं. सात चौदा चुकली तर पुढची थोड्या वेळात असते. संध्याकाळी कितीही उशीर झाला तरी परतायला काहीतरी मिळतं. डोर्किंगचं सगळं सुख या एका गोष्टीवर उभं आहे. तीच निसटली की टेकड्या तिथेच राहतात आणि माणूस अडकतो. गाड्या रद्द झालेले दिवस मी पाहिलेत. थंडीत, चारच्या आत काळोख पडलेला, आणि फलकावर एकेका गाडीपुढे 'रद्द' उमटत जातंय.

फोटोत न दिसणाऱ्या आणखी दोन गोष्टी. एक, पैसा. लंडनचा पूर्ण वर्षाचा पास काढला तर तेवढ्यात इंदूरला दोन मोटरसायकली सहज येतील. दोन, मी तो पास काढतच नाही. २०२१ पासून इथे फ्लेक्सी पास मिळतो, अठ्ठावीस दिवसांत आठ दिवस प्रवास. मी आठवड्याला दोनच दिवस ऑफिसला जाते. दादा सहा दिवस जाणार आहे, इंदुरात पलासियाला. ही तुलना मुळातच लंगडी आहे आणि ती करायला दादाला मीच माझे फोटो पाठवून मदत केली.

सायकलीचंही तसंच. माझी मोठी सायकल गर्दीच्या वेळी लंडनच्या गाडीत नेता येत नाही, घडीची चालते. मोटारीने सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर ठेवावं, हे नियमपुस्तकात २०२२ मध्ये आलं. बरेच जण पाळतात. जे पाळत नाहीत ते खिडकी खाली करून दोन शब्दही ऐकवतात. आणि सरेचे सगळे लोक सायकलवाल्यांना ओवाळतात असंही नाही. २०१३ पासून दर उन्हाळ्यात हजारो सायकली लंडनहून आमच्या टेकड्यांत यायच्या, दिवसभर रस्ते बंद. गावकऱ्यांची कुरकुर वाढत गेली आणि २०१९ नंतर ती फेरी सरेत आलीच नाही, एसेक्सला गेली. थोडक्यात, रस्ता कोणाचा हे भांडण इथेही आहे, फक्त ते हळू आवाजात चालतं.

आपल्याकडे ते बीआरटीएसवर झालं. २०१३ साली सुरू झालेला, एबी रोडवरचा साडेअकरा किलोमीटरचा, बससाठी राखलेला मार्ग. २०२५ च्या फेब्रुवारीत हायकोर्टाने परवानगी दिली आणि तो काढायला घेतला. आमच्या शाळेच्या ग्रुपवर महिनाभर जुंपली होती. एक पक्ष म्हणे, मोकळी लेन बघत आपण जाममध्ये सडायचो. दुसरा म्हणे, त्या लेनमधल्या एका बसमध्ये तुमच्या पन्नास गाड्यांची माणसं असायची. मी दुसऱ्या पक्षाची. त्याच सुमारास मेट्रोचं कौतुक सुरू झालं. मे महिन्यात सुपर कॉरिडॉरवर सहाएक किलोमीटर ती धावायलाही लागली. पण एवढ्या गदारोळात आपल्या दाराशी असलेल्या रुळांबद्दल एकानेही चकार शब्द काढला नाही.

इंदूर, सैफीनगर, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, राऊ, महू. शाळेत पाठ होती ही स्टेशनं. १८७० साली दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी रेल्वेसाठी एक कोटी रुपये साडेचार टक्क्यांनी कर्जाऊ दिले, तेव्हा ही लाइन खांडव्याकडून वर आली. आज ती ब्रॉडगेज आहे, तिच्यावर शटल धावते, लोकमान्यनगरचं स्टेशन आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर आहे आणि दादा त्यावर आयुष्यात दहा वेळाही चढला नसेल. महूहून तो ऑफिसला कारने जाणार. मग पन्नाशीनंतर रोज दोन वेळा राऊच्या चौकातल्या ट्रकांमधून वाट काढायची, आणि सायकल? रविवारी पहाटे, बायपासला, हेल्मेट घालून, फोटो काढून.

त्याला हसत नाहीये मी. पण लहानपणी सायकली बघायच्या तर मिल सुटायच्या वेळी. भोंगा झाला की मालवा मिलकडून लोंढा निघायचा, हँडलला डबा, कॅरियरला कधी पोर, कधी कोथिंबिरीची जुडी. आजही सांवेर रोडच्या कारखान्यांकडे पहाटे तशाच सायकली जातात, दिव्याशिवाय, रस्त्याच्या पार कडेने. आमच्या ग्रुपवरच्या वादात त्यांच्यापैकी कोणी नव्हतं. शहरात सायकलचा मार्ग आखायचा म्हटलं की आपल्याला तलावाकाठची पट्टी सुचते. राऊच्या आणि राजेंद्रनगरच्या स्टेशनवर छप्पर, दिवा आणि राखणदार असलेला सायकल-स्टँड मात्र कोणी मागत नाही. माझ्या डोर्किंगमध्ये तुमच्याकडे आणण्यासारखं काही असेल तर ते हेच कळकट शेड आहे.

तेव्हा दादा, इसार द्यायच्या आधी आठ दिवस महूला मावशीकडे राहा. रोज शटलने ऑफिसला जा, स्टेशनपासून पलासियापर्यंत कसं जातोस तेही लिहून ठेव. पावसाचा एक दिवस त्यात येऊ दे. आणि वहिनीने त्या दिवशी कॉलवर विचारलं होतं, परतीची शेवटची गाडी किती वाजता. तुला प्लॉटचा चौरस फुटाचा दर तोंडपाठ होता, हे नव्हतं.

डिसेंबरात मी येतेय. घडीची सायकल सोबत आणते, शटलच्या डब्यात चढवू देतात का ते बघू. वहिनी म्हणाली, मीही येते, पण पातालपाणीहून पुढे ती टूरिस्ट गाडी धरायची आणि कालाकुंडला उतरून पानातला कलाकंद घ्यायचा. तू प्लॉट दाखवायला ये, नाहीतर घरी राहा.