दोनच तर गोष्टी टाकायच्या आहेत म्हणे

"अबे राजा, दोनच तर गोष्टी टाकायच्या आहेत. मोबाईल नंबरनं लॉगिन अन् नोटिफिकेशन. दोन दिवसाचं काम." हे मला मार्चमध्ये भाऊंनी ऐकवलं, तर्रीपोह्याच्या गाड्यावर, आणि मी हो म्हणालो. तोंडात पोहे होते म्हणून असेल. आता मे संपत आला, बाहेर ४५, कूलरचा पंप दर तासाला बंद पडून राहिला आणि मी अजून त्या दोन गोष्टींतच अडकलोय. म्हणून आज लिहितोय, कोणाला तरी सांगितल्याशिवाय डोकं थंड होणार नाही.

भाऊंचा धंदा थंड पाण्याच्या कॅनचा. उन्हाळ्यात नागपुरात या धंद्याला किती जोर असतो ते सांगायला नको. त्यांचं अ‍ॅप मीच बनवलं, आयोनिक आणि कपॅसिटर या तयार साधनांवर. हायब्रिड, म्हणजे आतून वेबपेज आणि वरून अ‍ॅपचं कातडं, एकदा लिहिलं की अँड्रॉइड पण झालं आणि आयफोन पण. वर्षभर मस्त चाललं. लोक पासवर्ड विसरायचे, मग भाऊंना फोन, भाऊंचा मला फोन. त्यामुळे ओटीपीची मागणी काही चुकीची नव्हती, आणि "कॅन निघाला" अशी सूचना मिळाली तर बरंच की. प्रत्येक अ‍ॅपमध्ये असते म्हणून लोकांना वाटतं नळाला पाईप जोडण्याएवढं सोपं असेल.

माझा कोड म्हणाल तर दोन्ही मिळून दीडेकशे ओळी. बाकी सगळं सेतू केंद्र आहे. हा दाखला आणा, त्याची झेरॉक्स जोडा, दाखल्यावरचं नाव आधारशी जुळत नाही, परत या.

पहिला शहाणपणा असा केला की फायरबेसचं, म्हणजे गूगलच्या तयार सेवेचं, वेबवालं फोन लॉगिन तसंच्या तसं उचलून टाकलं, म्हटलं आतून वेबच आहे ना. वेबवर ते ओटीपी पाठवायच्या आधी रीकॅप्चा मागतं, म्हणजे तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा. कधी गुपचूप पास करतं आणि कधी चित्रं दाखवतं. भाऊंनी पहिल्यांदा उघडलं तर त्यांना आले फायर हायड्रंट. नागपुरात कोणी पाहिलाय का फायर हायड्रंट? भाऊ मला विचारतात, "कॅन मागवायले आलो का आरटीओची परीक्षा द्यायले?" आयफोनवर तर तेवढंही नाही, तिथं कपॅसिटरचं पान एचटीटीपीएसवरून उघडतच नाही, स्वतःच्या वेगळ्या स्कीमवरून, म्हणजे पत्त्याच्या वेगळ्या सुरुवातीवरून, उघडतं, आणि वेबचं फोन लॉगिन ती स्कीम ओळखत नाही, सरळ सांगतं की या वातावरणात हे चालत नाही. माझ्याही खोलीतल्या वातावरणात काहीच चालत नव्हतं, लाईट गेली होती.

मग नेटिव्ह प्लगइन घेतलं, म्हणजे फोनची स्वतःची सोय वापरणारा तयार तुकडा. तिथं अ‍ॅपच्या सहीचा ठसा द्यावा लागतो, शा-वन आणि शा-२५६ अशा दोन रूपांत, त्यावरून अ‍ॅप खरं आहे हे ओळखतात. दिला. माझ्या फोनवर ओटीपी टपकन आला, मी खूश, प्ले स्टोअरवर चढवलं, आणि लोकांना ओटीपी येईना. तीन दिवस. तीन दिवस मी कोड उलटापालटा केला आणि कोडमध्ये काहीच नव्हतं. झालं असं की लॅपटॉपवर डेव्हलपमेंट करताना एक किल्ली असते, स्टोअरला पाठवताना दुसरी, आणि ऑगस्ट २०२१ पासून नवीन अ‍ॅप बंडल म्हणूनच (म्हणजे कच्चं पॅकेट, पक्कं प्ले स्टोअर बनवतं) द्यावं लागतं, त्यामुळे लोकांच्या फोनवर जाण्याआधी त्याच्यावर प्ले स्टोअरच्या तिसऱ्या किल्लीने सही होते. म्हणजे ठसे तीन आणि मी दिला होता एक. तिसरा ठसा प्ले स्टोअरच्या कन्सोलच्या एका कोपऱ्यातल्या पानावर असतो, तिथून उचलायचा असतो. हे मला माहीत असायला पाहिजे होतं, ठीक आहे, मीच गाढव. पण एररमध्ये कोणी "ठसा चुकलाय" एवढं लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं?

मधल्या काळात स्वतःच्याच नंबरवर इतके ओटीपी मागवले की तो नंबरच काही तासांसाठी ब्लॉक. टेस्टिंगसाठी खोटे नंबर आणि ठरलेला कोड आधीच भरून ठेवता येतात हे मी नंतर वाचलं. नेहमीप्रमाणे नंतर.

मग पैशाचा विषय निघाला. खऱ्या एसएमएससाठी फायरबेसला कार्ड जोडावं लागतं आणि एसएमएसमागे पैसे कटतात. भाऊ म्हणाले, "कार्ड कायले? आपल्याच कोणाकडून स्वस्तात एसएमएस घे ना बा." घेतला. आणि इथून खरं सेतू केंद्र सुरू झालं.

आपल्याकडे कंपनीनं एसएमएस पाठवायचा तर ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे डीएलटीवर, म्हणजे मोबाईल कंपन्यांच्या पोर्टलवर, नोंदणी लागते. आधी फर्मची नोंदणी, मग सहा अक्षरांचं हेडर (पाठवणाऱ्याचं नाव), मग मेसेजचा मजकूर शब्दन् शब्द मंजूर करून घ्यायचा, फक्त बदलणाऱ्या जागा मोकळ्या सोडायच्या. हेतू चांगला आहे, फसवणुकीचे मेसेज थांबावेत, मला मान्य आहे. पण भाऊंच्या पॅनवर फर्मचं नाव "अँड सन्स" आणि जीएसटीवर नुसतं "सन्स". एक मुलगा आहे त्यांना, तोही पुण्यात नोकरी करतो, पण त्या "अँड"नं माझे नऊ दिवस खाल्ले. फोनवर मी भाऊंना जीएसटी दुरुस्ती समजावून सांगतोय आणि ते मला विचारतात, "तू कम्प्युटरवाला आहेस का सीए?" मलाही तोच प्रश्न पडला होता.

शेवटी टेम्प्लेट, म्हणजे तो मजकूर, मंजूर झालं. मेसेज पाठवला, एसएमएसवाल्याच्या पॅनलवर हिरवं "सबमिटेड", फोनवर काही नाही. परत पाठवला. हिरवं. काही नाही. सपोर्टवाला मुलगा दुपारी म्हणतो "सर टेम्प्लेट मिसमॅच आहे". कुठं मिसमॅच? एक तास डोळे फाडून पाहिलं तेव्हा दिसलं, मंजूर मजकुराच्या शेवटी टिंब आहे आणि माझ्या कोडमध्ये नाही. टिंब! एका टिंबासाठी मेसेज मधल्यामध्ये गिळून टाकतात आणि पाठवणाऱ्याला कोणी धड सांगतही नाही. ८ मार्च २०२१ ला ही जुळवाजुळव पहिल्यांदा कडक केली तेव्हा देशभर बँकांचे ओटीपी अडकले होते आणि ट्रायला ती आठवडाभर थांबवावी लागली होती. तेव्हा मी घरी बसून हसलो होतो. भोग म्हणतात तो हाच.

आणि इथं भाऊंचं नवीन सुरू, "ओटीपी आपोआप भरला गेला पाहिजे, बाकीच्याइच्या अ‍ॅपमध्ये जाते." पूर्वी अ‍ॅपला सगळे एसएमएस वाचायची परवानगी मागता यायची, २०१९ पासून प्ले स्टोअरनं ते आवळलं, आणि बरंच केलं, कॅनवाल्याच्या अ‍ॅपला माझे बँकेचे मेसेज कशाला दिसले पाहिजेत. दुसरी सोय अशी की मेसेजच्या शेवटी ११ अक्षरांचा एक कोड टाकायचा, मग फोन फक्त तेवढाच मेसेज अ‍ॅपला देतो. ते अकरा अक्षरं मजकुरात आले म्हणजे टेम्प्लेट परत मंजुरीला. गेलं. आलं. टाकलं. माझ्या फोनवर चालतंय, लोकांच्या फोनवर नाही. आता ओळखा काऊन. ते अकरा अक्षरं अ‍ॅपच्या सहीवरूनच बनतात! त्याच खड्ड्यात, त्याच पायानं, दुसऱ्यांदा. आणि टेम्प्लेट तिसऱ्यांदा मंजुरीला. आयफोनवर हेच काम ओटीपीच्या चौकटीला, म्हणजे इनपुटला, एक अ‍ॅट्रिब्यूट लावून होतं. एक शब्द. मी तो शब्द लिहिला आणि पाच मिनिटं नुसता त्याच्याकडे पाहत बसलो.

नोटिफिकेशन. हं.

युट्यूबवर निम्मे व्हिडिओ सांगतात की फायरबेसच्या कन्सोलमधून सर्व्हर की कॉपी करा आणि चिकटवा. ती जुनी पद्धत २०२४ मध्ये बंद झाली. व्हिडिओ आहेत तसेच आहेत, खाली लोक "थँक यू सर" लिहून राहिले. नवीन पद्धतीत सर्व्हरसाठीचं सर्व्हिस अकाउंट, त्याच्यावरून तासाभरात मरणारं टोकन, म्हणजे तात्पुरता पास, ते झालं एका संध्याकाळी, त्याची काही तक्रार नाही.

तक्रार भाऊंच्या फोनची आहे. सगळ्यांना नोटिफिकेशन जातंय आणि भाऊंनाच येत नाही. "येऊनच नाही राहिलं बे." चार दिवस मी लॉग बघितले, बॅटरी सेव्हर बंद करायला लावला, ऑटोस्टार्ट चालू करायला लावलं, शेवटी भर दुपारी गाडी काढून, तोंडाला दुपट्टा बांधून त्यांच्या गोडाऊनवर गेलो. अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनसाठी फोन परवानगी विचारतो. भाऊंनी "नको" दाबलं होतं. दोनदा. दोनदा नको म्हटलं की फोन परत विचारतच नाही. मी म्हटलं भाऊ, तुम्हीच बंद केलंय. तर म्हणतात, "मले वाटलं जाहिरात आहे." घामानं शर्ट अंगाला चिकटलेला आणि मी त्यांच्याच कॅनमधलं थंड पाणी पीत होतो, नाहीतर काही तरी बोललो असतो.

चालू झालं तर पहिली तक्रार, आयकॉनच्या जागी पांढरा डबा. अँड्रॉइडला तिथं फक्त पांढरी आकृती लागते, मागचं पारदर्शक, मी निळा-हिरवा लोगो दिला होता, त्यानं सगळाच पांढरा करून टाकला. दुसरी तक्रार, आवाज. भाऊंना पाण्याचा थेंब पडल्यासारखा "टुपुक" पाहिजे होता. अँड्रॉइड ८ पासून आवाज चॅनलला, म्हणजे नोटिफिकेशनच्या गटाला, चिकटतो आणि चॅनल एकदा बनलं की अ‍ॅपला तो बदलता येत नाही, नवीन चॅनल बनवावं लागतं. "टुपुक"चे भाऊंनी पाच नमुने ऐकले. त्यांच्या अ‍ॅपमध्ये आज पाच चॅनलचं स्मशान आहे.

आणि एक सांगतो, जे कोणीच आधी सांगत नाही, की हे दोन्ही विषय एकमेकांत गुंतलेले आहेत. नोटिफिकेशन पोचवायला प्रत्येक फोनचा पत्ता असतो, त्यालाही टोकनच म्हणतात, आणि ते फोनचं असतं, माणसाचं नाही. इतवारीतल्या एका दुकानात एकच फोन काका, पुतण्या आणि नोकर असे तिघं वापरतात, काकांनी लॉगआउट केलं, पुतण्यानं आपल्या नंबरनं लॉगिन केलं, आणि काकांच्या घरच्या कॅनचे मेसेज पुतण्याला. लॉगआउटवर टोकन काढून टाकायचं मी विसरलो होतो. कॅनच होते म्हणून निभावलं, दुसरं काही असतं तर घरात भांडणं लागली असती.

आयफोनचं थोडक्यात सांगतो नाहीतर रात्र होईल. अ‍ॅपलला वर्षाचे ९९ डॉलर भरले. पुश, म्हणजे नोटिफिकेशन, पाठवायची किल्लीची फाईल मिळाली, ती एकदाच डाउनलोड होते, ती मी मनीष नगरच्या मित्राच्या मॅकवर ठेवली आणि त्यानं डाउनलोड फोल्डर साफ केलं. नवीन काढली. मग पाठवलेलं एकही पोचेना, कारण कपॅसिटरचं प्लगइन अँड्रॉइडवर एफसीएमचं (गूगलच्या नोटिफिकेशन सेवेचं) टोकन देतं आणि आयफोनवर एपीएनएसचं (अ‍ॅपलच्या सेवेचं), आणि मी दोन्ही एकाच पोत्यात भरत होतो. डॉक्युमेंटमध्ये लिहिलंय तसं. वाचतो कोण.

अ‍ॅपलच्या स्टोअरच्या तपासणीत अ‍ॅप परत आलं, कारण तपासणाऱ्याला ओटीपी कुठून येणार, त्याचा नंबर काय नागपूरचा आहे? त्याच्यासाठी ठरलेला नंबर आणि ठरलेला कोड लिहून द्यायचा असतो. दिला. मग खातं डिलीट करायचं बटण पाहिजे, हा नियम ३० जून २०२२ पासूनचा आहे. भाऊ भडकले, "कस्टमर डिलीट? कायले? यादी माही आहे!" त्यांना समजवण्यात एक संध्याकाळ आणि दोन प्लेट समोसे गेले, समोशांचे पैसे मी दिले.

काल त्यांनी विचारलं किती झाले. मी आकडा सांगितला. "दोन दिवसाच्या कामाचे?" म्हणाले.

असो, आयफोनचं बिल्ड आता ७० टक्के अपलोड झालंय. मॅक मित्राचा आहे, त्याला रात्री १० ला परत पाहिजे, आणि वायफायचं हे असं चाललंय. थांबतो इथंच, कूलरचा पंप परत बंद पडला.