बिऱ्हाड हलवण्यापूर्वी काहीही ठरवू नये

भाड्याचे घर बदलू पाहणाऱ्या पुणेकराला सल्ल्यांचा तोटा कधीच नसतो. दोन महिने आधी यादी करा, खोक्यांवर क्रमांक टाका, तीन ठिकाणांहून दर मागवा, असे सांगणारे हितचिंतक प्रत्येक सोसायटीत भेटतात. त्यांचा हेतू चांगला असतो, यात शंका नाही. पण नियोजन करायचे म्हणजे निर्णय घ्यावे लागतात, आणि निर्णय घेतला की तो चुकला असे म्हणायला घरातली किमान दोन माणसे मोकळी होतात, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. तेव्हा सुज्ञ वाचकाने स्वतः काहीही ठरवू नये. जे ठरायचे असेल ते टेम्पो दारात उभा राहिल्यावर आपोआप ठरते.

सर्वप्रथम, भाडेकरार वाचण्याचा मोह टाळावा. नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून पूर्वी कोणीतरी अकरा महिन्यांची युक्ती काढली. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ ने लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे असे ठरवून टाकले, आणि त्या युक्तीचा आधारच गेला; तरीही आपण अकरा महिने सोडलेले नाहीत, कारण परंपरेला कारण विचारण्याची आपल्याकडे पद्धत नाही. नोंदणीची जबाबदारी घरमालकावर असते आणि ती टाळल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, हे त्याच कलमात लिहिलेले आहे. असली माहिती भाडेकरूला असणे हे सुसंस्कृतपणाचे लक्षण मानले जात नाही. मुदत संपूनही आपण राहिलो तर कलम २४ नुसार मालकाला दुप्पट शुल्क मागता येते, ही गोष्ट मात्र त्याला नक्की ठाऊक असते, आणि ती त्याच्याच तोंडून, शक्यतो जिन्यात, ऐकण्यात एक वेगळी गोडी आहे. नोटिशीचा महिना कधी सुरू झाला याची लेखी नोंद ठेवू नये. ‘मी तुम्हाला त्या दिवशी बोललो होतो ना’ एवढ्या वाक्यावर अनामत रक्कम परत मिळते, अशी श्रद्धा बाळगावी.

तारखेचा प्रश्न फारसा अवघड नाही. शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात, त्यामुळे निम्मे शहर मे महिन्याच्या अखेरीस आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात हलते, टेम्पोवाले याच काळात भाव खातात आणि पाऊसही याच सुमारास येतो. अर्थातच आपणही तेव्हाच हलावे. वार रविवारच असावा. नव्या सोसायटीत रविवारी सामान चढवायला बंदी आहे किंवा काय, हे आधी फोन करून विचारणे म्हणजे सचिवांना उगाच तसदी देणे होय. ते स्वतःच फाटकापाशी येऊन सांगतात. लिफ्ट सामानासाठी वापरायची असल्यास तिच्या आतल्या बाजूला चादरी लावाव्या लागतात आणि काही ठिकाणी वेगळी रक्कम भरावी लागते, हेही तिथेच कळते, आणि तोवर आपल्या गाद्या रस्त्यावर उतरलेल्या असल्याने वाटाघाटींना आवश्यक ती निकड प्राप्त होते.

आता माळ्याकडे वळू. सामान्य सल्लागार सांगतात की वर्षभरात न वापरलेली वस्तू टाकून द्यावी. मराठी घरात ही कसोटी लावली तर निम्मे घर रिकामे होईल आणि उरलेल्या निम्म्यात भांडणे होतील. माळ्यावरच्या कुठल्याही पिंपात हात घालून पाहावा. स्टीलचे एक मध्यम पातेले निघते. त्याच्या काठाखाली टिंबाटिंबांनी कोरलेले असते, ‘लग्नात सप्रेम भेट’, पुढे तारीख आणि देणाऱ्याचे नाव. हे लग्न कोणाचे, देणारा कोण, यावर अर्धा तास चर्चा होते आणि अखेरीस असे निघते की ते पातेले आपल्याला आलेलेच नाही, एका बारशाच्या जेवणावळीनंतर शेजारच्यांच्या भांड्यांतून ते आपल्याकडे राहिले. झाकण अर्थातच दुसऱ्याच पातेल्याचे आहे. आता हे पातेले द्यावे कोणाला? परत करावे तर शेजारी नाशिकला गेलेले, मोडीत घालावे तर कोरलेले नाव आडवे येते, आणि बाईंना द्यावे तर त्या नम्रपणे सांगतात की अशी चार त्यांच्याकडे आहेत. म्हणून ते होते तसे पिंपात ठेवावे आणि पिंप नव्या माळ्यावर चढवावे. जुनी पंचांगे, बंद पडलेल्या मिक्सरची तिन्ही भांडी आणि दूरचित्रवाणी संचाचे थर्माकोलसकट जपलेले खोके यांनाही हाच न्याय लावावा. खरे तर बिऱ्हाड आपले नसतेच, ते माळ्याचे असते. आपण फक्त त्याच्या सोबत राहायला जातो.

खोक्यांवर आत काय आहे ते लिहिणे हा आपल्या स्मरणशक्तीचा अपमान आहे. अगदीच आग्रह झाला तर प्रत्येक खोक्यावर ‘इतर’ असे ठळक अक्षरांत लिहावे. औषधे, चार्जर, दुधाचे पातेले, चहा-साखर आणि टॉवेल एकाच पिशवीत घालून ती स्वतःजवळ ठेवण्याची शिफारस काही जण करतात. तसे केल्यास पहिल्याच संध्याकाळी चहा मिळतो, आणि नव्या शेजाऱ्यांकडे साखर मागायला जाण्याचे निमित्त हातचे जाते.

यंत्रांच्या बाबतीत मात्र तपशिलात जावे लागेल, कारण नुकसानीला खरा वाव इथेच आहे. फ्रीज उभाच न्यावा, आडवा पडल्यास कॉम्प्रेसरमधले तेल नळ्यांत शिरते आणि मग तो काही तास उभा ठेवून नंतरच सुरू करावा लागतो, असे जाणकार म्हणतात. आपण तो आडवा न्यावा आणि पोचल्याबरोबर चालू करावा, कारण आत श्रीखंड आहे. समोरून दार असलेल्या वॉशिंग मशीनचे पिंप प्रवासात हलू नये म्हणून मागच्या बाजूने लांब बोल्ट लावायचे असतात. ते मशीनबरोबरच आलेले असतात आणि बसवायला आलेल्या माणसाने ‘हे जपून ठेवा’ असे सांगून हातात दिलेले असतात. ते कुठे आहेत याचा शोध टेम्पो निघण्याच्या वेळी घ्यावा. स्प्लिट एसी उतरवताना त्यातला गॅस आधी बाहेरच्या युनिटमध्ये ओढून बंद करायचा असतो. हे काम तंत्रज्ञाचे आहे, पण तंत्रज्ञ पैसे घेतो आणि मेहुणा घेत नाही. मेहुण्याने नळी सोडल्यावर जो फुस्स असा आवाज येतो, तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने सर्वांना खोलीत उभे करावे. पलंग सोडवल्यावर निघणारे स्क्रू पिशवीत घालून त्याच पलंगाच्या फळीला चिकटपट्टीने लावून ठेवणे हा भित्र्यांचा मार्ग आहे. ते सुताराच्या खिशात राहू द्यावेत. त्यामुळे पहिली रात्र जमिनीवर जाते, आणि पाठीला ते चांगलेच असते.

वाहनाच्या निवडीतही हिशेब आणू नये. छोटा हत्ती नावाने सर्वांना परिचित असलेल्या टेम्पोत साधारण पाऊण टन माल जातो, म्हणजे दोन खोल्यांच्या भरल्या संसाराला त्याच्या दोन फेऱ्या तरी लागतात. फोनवर विचारणारा ‘सामान किती आहे’ म्हणाला की ‘फार नाही’ एवढेच सांगावे. या दोन शब्दांवर ठरलेला दर प्रत्यक्ष सामान पाहिल्यावर कसा वाढतो, मजल्यांचे वेगळे, लोखंडी कपाटाचे वेगळे आणि टेम्पो दारापर्यंत न आल्यास चालत नेण्याचे वेगळे पैसे कसे निघतात, हा अनुभव लेखी दरपत्रक घेणाऱ्या माणसाच्या वाट्याला कधीच येत नाही. विम्याबद्दल विचारूच नये, अपशकुन होतो.

स्वयंपाकाच्या गॅसचे तेवढे लक्षात ठेवावे. दुसऱ्या गावी जाताना सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्यायचे असते, त्यावर अनामत परत मिळते आणि नव्या गावी ते दाखवून जोडणी घेता येते. आपण मात्र सिलिंडर शेजाऱ्यांकडे ठेवून द्यावा. ते वर्षभर तो वापरतात आणि आपल्या नावाने येणारे संदेश आपल्याला मिळत राहतात.

राहता राहिला पत्ता. वीजबिल, बँक आणि आधारवरचा पत्ता बदलणे ही कामे ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी असतात. मतदार यादीतला पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ भरावा लागतो आणि तो घरबसल्या भरता येतो, पण तो भरल्यास जुन्या वस्तीशी असलेला शेवटचा संबंधही तुटतो. नाव तिथेच राहू द्यावे. मतदानाच्या दिवशी जुन्या शाळेसमोरच्या रांगेत घरमालक हमखास भेटतो, आणि रंगकामाच्या नावाखाली अनामत रकमेतून कापलेल्या पैशांचा विषय काढायला ती जागा फार चांगली, कारण शाईचे बोट लागेपर्यंत त्यालाही रांग सोडून जाता येत नाही.