रॅक, कोबा आणि चौथा वायसर

सगळ्याला कारण ऑडिटरची एक ओळ. आमच्या पतसंस्थेच्या आयटी ऑडिट रिपोर्टमध्ये सतराव्या पानावर, 'पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला आढळला' याच्या बरोब्बर खाली लिहिलेलं, 'सर्व्हर रॅक जमिनीला फिक्स केलेला नाही, जोखीम उच्च.' रॅक म्हणजे सर्व्हर ठेवायचं उंच लोखंडी कपाट. पासवर्डचा कागद आम्ही पाच मिनिटात काढला, म्हणजे ड्रॉवरमध्ये टाकला. रॅकला तीन रविवार गेले.

मी कराडात या संस्थेचा कॉम्प्युटर विभाग बघतो. विभाग म्हणजे मी आणि एक टेबलफॅन. रॅक बसवायला खर्च मंजूर करा म्हणून चेअरमनसाहेबांकडे गेलो तर त्यांनी आधी येऊन रॅकभोवती एक चक्कर मारली, खाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "याला चाकं कंपनीनंच दिल्यात न्हवं? मग चाकं असलेली वस्तू जमिनीला ठोकायची म्हंजे बैलगाडी दारात पुरून ठेवल्यागत झालं की." यावर माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं, खरं सांगायचं तर आजही नाही.

पण मी या रॅकचा हिसका बघितलेला होता. रॅक ४२ यू चा. एक यू म्हणजे पावणेदोन इंच, हिशोब करत बसू नका, बाहेरून दोन मीटर उंची येते. आणि रुंदी किती, तर दोन फूट. म्हणजे एखादा लंबूटांग माणूस पाय जुळवून उभा. गेल्या वर्षी रॅम बदलायला वरचा सर्व्हर रेलवरून पुढं ओढला, तो बाहेर आला, आणि त्याच्यामागोमाग अख्खा रॅक मला वाकून नमस्कार करायला लागला. मी पोटानं अडवला. पोटाचा आयुष्यात तेवढाच एक उपयोग झालाय. नंतर कळलं की जड माल तळाला ठेवायचा असतो, आमच्याकडं यूपीएसच्या बॅटऱ्या कमरेच्या उंचीला होत्या कारण ज्यानं बसवल्या त्याची कंबर दुखत होती.

साहेबांना पोटाची गोष्ट पटली नाही. मग मी शेवटचं अस्त्र काढलं, म्हणालो, "साहेब, कोयना." खोलीत एकदम शांतता. आमच्या कराड-पाटण पट्ट्यात हा शब्द पुरतो. कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७, पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटं. इथल्या सत्तरीला आलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, त्या रात्री आपण कुठं झोपलेलो, अंगावर कुठलं पांघरूण होतं, गोठ्यात किती जनावरं होती, सगळं सांगेल. तेव्हापासून बारीकसारीक धक्के चालूच असतात, भांडी वाजतात, आपण "आला काय?" विचारतो आणि कूस बदलतो. साहेब तेव्हा तिसरीत होते. पाऊण तास त्यांनी ती पहाट सांगितली आणि शेवटी व्हाउचरवर सही केली. मी मनातल्या मनात कोयनामाईला हात जोडले.

आता माणूस. आमच्या गल्लीत बाळू आहे, तो नळ, लाइट, डिश अँटेना आणि लग्नातलं डेकोरेशन एवढं सगळं करतो. हॅमर ड्रिल घेऊन आला, सोबत चार अँकर फास्टनर, म्हणजे जमिनीत रुतून बसणारे बोल्ट, चार-चार इंची. मी मनापासून तयारी केलेली, सर्व्हर बंद, रॅकला आईची जुनी नऊवारी गुंडाळलेली, कारण सिमेंटची धूळ पंख्यातून आत गेली तर पुढचं वर्षभर मी ती पुसत बसणार. पिवळी नऊवारी नेसलेला रॅक बघून शिपाईमामा म्हणाले, "वटी भरायची का आता?"

बाळूनं पहिल्याच झटक्याला ड्रिल हॅमरवर टाकलं आणि फरशी तडकली. "फरशीच पोकळ हुती," तो म्हणाला. पुढच्या तिन्हीला आधी हॅमर बंद करून फरशी पार केली, मग हॅमर चालू. म्हणजे त्याला माहीत होतं! मग पहिल्या वेळी काय झालं, विचारलं तर म्हणतो, "पयल्या वेळी अंदाज घेतो मी."

भोकं पडली, अगदी लोण्यातून सुरी जावी तशी पडली, आणि तिथंच मला शंका यायला पाहिजे होती. आम्ही दोघं खूष. अँकर ठोकले, नट आवळायला घेतला. हा अँकर काय करतो, तर नट आवळला की आतला बोल्ट वर खेचला जातो, त्याच्या बुडाला शंकूसारखा फुगवटा असतो तो वर येताना बाहेरची नळी फाकवतो, आणि ती फाकलेली नळी भोकाच्या भिंतीला जी धरते ती धरते. निदान धरायला पाहिजे. बाळू पाना फिरवतोय, फिरवतोय, नट काही घट्ट होईना. उलट अँकरच हळूहळू वर यायला लागला. अर्धा इंच आला. मग त्यानं दोन बोटात धरून तो सरळ उपटला, मुळा उपटावा तसा, आणि माझ्या हातावर ठेवला. अजून कोमट होता. नळीभोवती करड्या रंगाचा भुगा, चिमटीत धरला तर रांगोळीसारखा सुटला.

तो काँक्रीट नव्हताच. आपण ज्याला जमीन म्हणतो ती आधी फरशी असते, फरशीखाली कोबा, आणि कोब्याखाली स्लॅब. फरशी सेंटीमीटरभर, पण कोबा किती? मापला तर साडेसहा सेंटीमीटर, कारण बांधताना कुणीतरी बाथरूमचा उतार सगळ्या मजल्याला दिलेला. म्हणजे चार इंची अँकरचे तीन इंच नुसत्या वाळू-सिमेंटात आणि एक इंच बिचारा स्लॅबमध्ये. मी अकरा वर्षं ज्या जमिनीवर खुर्ची टाकून बसतोय ती अशी निघाली. त्या दिवशी घरी जाताना जरा हलकंच पाऊल टाकत गेलो.

दुसरा रविवार. सात इंची, १२ एमएमचे अँकर, लांब बिट, आणि बाळूनं यूट्यूब बघून बिटला काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली, टेप फरशीला टेकली की थांबायचं. ही गोष्ट मला फार आवडली कारण आम्ही पहिल्या मजल्यावर आहोत, स्लॅब पाच इंची आणि खाली मिठाईचं दुकान. टेप नसती तर आम्ही थेट खव्यातच उतरलो असतो. तरी दहा मिनिटात दुकानदार वर आलाच, केसात पांढरं, हातात जिलेबीची परात. भोक आरपार गेलेलं नव्हतं, हादऱ्यानं त्याच्या छताच्या प्लास्टरचा पोपडा सुटलेला. परातीत कुठला पोपडा आणि कुठली जिलेबी हे बघायला आम्ही तिघं वाकलो. अर्धा किलो संस्थेच्या खात्यावर घेतली, व्हाउचरवर 'रॅक बसवणे, इतर खर्च' लिहिलं.

पहिली दोन भोकं झाली. तिसऱ्याला आवाज बदलला, घर्रर्र चा टण्ण झाला आणि ड्रिलनं बाळूचं मनगटच पिरगाळलं. सळई. बाळू म्हणाला, दाबून मारतो, तुटंल. मी आडवा पडलो. पूर्वी पोटानं रॅक अडवला होता, आता सळई वाचवली. त्या सळईवर मी, तिजोरी, आठ कर्मचारी आणि मार्चएंडला शंभर सभासद उभे असतात, ती कापून रॅक पक्का करायचा म्हणजे चप्पल वाचवायला पाय तोडण्यातला प्रकार. मग भोक सरकवायचं. सरकवलं तर रॅकच्या तळाचं भोक जुळेना. रॅक सरकवला तर आधीची दोन जुळेनात. हा खेळ आम्ही चार वाजेपर्यंत खेळलो, शिपाईमामा जिलेबी खात प्रेक्षक.

तोडगा वेल्डिंगवाल्यानं काढला. दोन लोखंडी चॅनेल, म्हणजे पन्हळीसारख्या पट्ट्या, घ्यायचे, त्यांना लांबट भोकं पाडायची, चॅनेल जमिनीला जिथं सळई परवानगी देईल तिथं बसवायचे आणि रॅक वर चॅनेलला बसवायचा. एवढं साधं. मी हे आधी का केलं नाही असं चेअरमनसाहेबांनी विचारलं, मी चहा मागवला.

तिसऱ्या रविवारी सगळं जुळून आलं. भोकातली धूळ काढायला मी घरून चुलीची फुंकणी आणलेली, कारण भोकात भुकटी राहिली की नळी भिंतीला धरण्याऐवजी भुकटीलाच धरते. मी फुंकलं. भोकाला दुसरं तोंड नसतं हे फुंकल्यावर लक्षात आलं, सगळी भुकटी परत माझ्याच डोळ्यात. बाळूनं नट आवळला आणि यावेळी तो आवाज आला, कर्र्र्र करून नट थांबला, पाना जागेवरून हलेना. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. दुसरा, तिसरा. चौथ्याला वायसर, म्हणजे नटाखालची चकती, सापडेना. रॅकखाली बघितलं, नऊवारी झटकली, जिलेबीच्या रिकाम्या बॉक्समध्ये बघितलं. "राहू द्या सायेब, तीन हायत की," बाळू म्हणाला, आणि अंधार पडलेला, मीही म्हणालो राहू दे.

मी रॅकला खांदा लावून ढकलला. ढिम्म. साहेबांनी ढकलला. शिपाईमामांनी तर लांबून पळत येऊन ढकलला, ते हलले.

ऑडिटरला मेल टाकला, पूर्तता झाली. उत्तर आलं, फोटो पाठवा. रॅकचा फोटो पाठवला, उभा रॅक, शेजारी उभा मी. उत्तर आलं, बोल्ट दिसले पाहिजेत. आता बोल्ट रॅकच्या पोटाखाली, चॅनेलच्या आत. ऑफिस टाइमला, बाहेर ठेवीदारांची रांग असताना, मी फरशीवर पालथा पडून, दातात टॉर्च धरून, रॅकखाली हात घालून चार फोटो काढले आणि चारही पाठवले. एकदाचं सुटलो म्हणून जेवायला बसलो तर फोनच आला. "फोटो मिळाले, काम चांगलं झालंय. फक्त चार नंबरला वॉशर दिसत नाही."

बाळूला फोन लावला.

"व्हय की सायेब," तो म्हणाला, "त्यो माझ्याच खिशात घावला. सोमवारीच पँट धुवायला टाकली तवा. म्हटलं तुम्ही इचारला तर द्यावा."