शुभेच्छा, घाऊक भावात

दिवाळी तोंडावर आली की काही भाबडी माणसं पेन शोधायला लागतात. तुम्ही त्यांतले नाही, हे गृहीत धरून पुढचं लिहिलं आहे. शुभेच्छा देणं टाळता येत नाही, हे कबूल. पण दिलेली शुभेच्छा समोरच्या माणसाला चुकून लागू नये, एवढी काळजी नक्कीच घेता येते.

यात लाजण्यासारखं काही नाही, परंपरा थोर आहे. १८४३ साली लंडनच्या हेन्री कोल यांच्यापुढे नाताळच्या पत्रांचा ढीग साचला. एकेकाला उत्तर लिहायला सवड कुणाला? त्यांनी जॉन हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं, हजारभर प्रती छापल्या, वर कुणाला आणि खाली कुणाकडून यासाठी मोकळी जागा सोडली. उरलेली कार्डं शिलिंगाला एक या दरानं विकलीही. म्हणजे नाताळचं पहिलं विकाऊ कार्डच मुळी पत्र लिहिणं टाळण्यासाठी जन्माला आलं. आपण त्या दोन मोकळ्या जागा तेवढ्या बुजवल्या.

तर, सुरुवात मोबाईलच्या चित्रापासून. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहाटे साडेपाचला पहिलं चित्र येतंच, तेच उचलायचं. तळाशी एखाद्या सराफाची जाहिरात किंवा हात जोडलेला भावी नगरसेवक असेल तर तेवढी पट्टी कापा. नाही कापलीत तर मावशीला तुमच्याकडून नव्हे, ‘शुभेच्छुक: समस्त मित्रपरिवार’ यांच्याकडून शुभेच्छा जातात. तिच्या लक्षात येणार नाही म्हणा. तिनं ते चित्र नीट पाहिलेलंच नसतं, पुढं मात्र ढकललेलं असतं. कोपऱ्यातलं सालही बघून घ्या. आणि पाडव्याला विशेष जपा. गुगलवर ‘पाडव्याच्या शुभेच्छा’ शोधलं की गुढी, कडुलिंबाची डहाळी आणि साखरेच्या गाठी अशी चित्रं हमखास हाती लागतात. ती चैत्रातली. कार्तिकातल्या पाडव्याला ती धाडणारे दरवर्षी निघतात, आणि त्यांना ‘मराठी नववर्षाच्या तुम्हालाही’ असं कळवणारेही निघतात. व्यवस्था सुरळीत चालू असल्याची ही खूण.

थेट फॉरवर्ड केलंत तर वर ‘फॉरवर्डेड’ असा शिक्का बसतो. बऱ्याच हातांतून फिरून आलेल्या चित्राला दुहेरी बाण लागतो आणि ते एका वेळी एकाच चॅटला जातं. दोनशे नातलगांना असं एकेक करून धाडताना, एवढ्या कष्टात चार ओळी लिहूनही झाल्या असत्या, असा घातक विचार मनात येऊ शकतो. म्हणून चित्र गॅलरीत उतरवून घ्या आणि ब्रॉडकास्ट लिस्ट करा. एका यादीत २५६ जण मावतात, प्रत्येकाला संदेश खास आपल्यालाच आल्यासारखा दिसतो, शिक्का नाही की बाण नाही. अट एकच: ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तो पोचतो. बाकीच्यांना तुम्ही कोण हेच ठाऊक नाही, तेव्हा नुकसान काही नाही. मजकूर ‘आपणास व आपल्या कुटुंबीयांस’ एवढाच ठेवा. धाकट्या बहिणीला ‘आपणास’ वाचून हसू येईल, येऊ द्या. तिला ‘तुला’ म्हणायचं तर दुसरी यादी करावी लागते.

ऑफिसचं कार्ड हा जरा खानदानी प्रकार. ३०० जीएसएमचं, म्हणजे चांगलं जाड आर्ट कार्ड, वर सोनेरी फॉइलचा गणपती. मेख आतल्या पानाला आहे: तिथंही ग्लॉस लॅमिनेशन करून घ्या. त्यावर शाईचे थेंब होतात, बॉलपेन घसरतं. एखाद्या हळव्या कर्मचाऱ्यानं दोन शब्द लिहायचं मनावर घेतलंच, तरी ते पाकिटात जायच्या आधी त्याच्याच तळहाताला लागून पुसले जातात. साहेबांची सही मात्र छापाच, निळ्या रंगात, किंचित तिरकी. संशयी लोक कार्ड उजेडात आडवं धरून पेनाचा दाब उमटलाय का ते पाहतात, नाहीतर बोट ओलं करून सही चोळतात. शाई पसरली नाही की त्यांना कळायचं ते कळतं.

नावांसाठी एक्सेलची यादी आणि मेल मर्ज, म्हणजे यादीतलं एकेक नाव कार्डावर आपोआप छापून येतं. नावाचा रकाना रिकामा राहिला तर ‘प्रिय ,’ असं छापून येतं. सगळ्या गठ्ठ्यात तेच कार्ड सर्वांत प्रामाणिक. यादी सोसायटीच्या मेंटेनन्सच्या वहीवरून उचलली असेल तर ‘प्रिय बी-३०२’.

यादीला चाळण मात्र लावू नका. ज्या घरातलं माणूस वर्षभरात गेलं, तिथं सण नसतो. कंदील टांगत नाहीत, कढई चढत नाही. नातलग आणि शेजारी फराळाचा डबा आणून देतात, थोडा वेळ बसतात. अशी घरं यादीतून वेगळी काढायची तर आधी कोण गेलं ते माहीत हवं, म्हणजे वर्षभर चौकशी करणं आलं. त्यापेक्षा ‘आपल्या दारी आनंदाचे लक्ष दीप उजळोत’ तिथंही जाऊ द्या. गेलेल्या माणसाच्या नंबरालाही जाऊ द्या. तो फोन आता मुलाकडे असतो. तो लिहील, ‘काका, बाबा जाऊन चार महिने झाले.’ गांगरू नका. दिवाळीच्या संदेशाच्या शेवटी जे जोडलेले हात होते, तेच पुन्हा पाठवा. दोन्हीकडे चालतात.

आता सर्वांत महाग पडणारी चूक. वर नाव, आणि खाली त्या एकाच माणसाला लागू पडेल अशी ओळ. उदाहरणार्थ: ‘आत्या, गुडघा आता जिना चढू देतो का? यंदा चकल्या कुणी पाडल्या?’ लिहायला दीड मिनिट पुरतं, पण यात प्रश्न आहे, आणि प्रश्नाला उत्तर येतं. आत्या टाइप करत नाही, फोन करते. फिजिओथेरपीवाला मुलगा गुणी आहे पण वेळेवर येत नाही, सूनबाईंच्या हातून मोहन जास्त पडलं आणि पहिला घाणा तेलातच विरला, मग भाजणी वाढवून पीठ सावरलं. चाळीस मिनिटं गेली. वर पुढल्या वर्षी ती तुमच्या कार्डाची वाट पाहणार, म्हणजे हा खर्च कायमचा मागे लागला. एआयकडून ‘आपुलकीचा संदेश’ लिहून घेणारे इथं सुरक्षित असतात. त्याला आत्याचा गुडघा ठाऊक नसतो; तो प्रकाश, समृद्धी आणि आरोग्य यांच्यावर भागवतो.

इतकं करूनही कुणीतरी तुम्हालाच हातानं लिहिलेलं कार्ड पाठवेल. ते टीव्हीच्या शोकेसवर उभं करू नका, आलेला पाहुणा उचलून वाचतो आणि ‘तुम्ही काय उत्तर दिलंत?’ असं विचारतो. पोच म्हणून फिरत्या पणतीचं स्टिकर धाडा. फोन आला तर वाजू द्या आणि संध्याकाळी ‘मीटिंगमध्ये होतो’ असं कळवा. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कसली मीटिंग, हे विचारण्याइतकं कुणी उद्धट नसतं.

भाऊबीज झाली की गॅलरीतलं चित्र लगेच पुसू नका. वरचं ‘शुभ दीपावली’ कापलं की तुळशीच्या लग्नालाही ते चालतं.