शंभर वर्षांपूर्वी घरात रबर नव्हतं म्हणे!

गेल्या महिन्यात तीन वेगवेगळ्या ग्रुपांवर एकच फॉरवर्ड आला. मजकूर थोडक्यात असा: 'शंभर वर्षांपूर्वी आपल्या घरांत रबर नावालाही नव्हतं. गुडइयरने मोटारीच्या टायरसाठी ते शोधलं आणि तो कोट्यधीश झाला. पेट्रोलपासून बनणारी ही विषारी वस्तू मग घराघरांत घुसली. रबराचं झाड मुळात आपलंच, इंग्रजांनी पळवलं.' खाली जोडलेले हात आणि 'पुढे पाठवा'.

चार वाक्यं, आणि एकही धड नाही.

चार्ल्स गुडइयर या अमेरिकन संशोधकाचं चटकन उरकतं. रबर त्याने शोधलं नाही, ते पक्कं करायची रीत शोधली. त्याआधी रबर उन्हात चिकट व्हायचं आणि थंडीत कडक. त्याने केलेल्या टपालाच्या पिशव्या तर उन्हाळ्यात वितळल्या होत्या. १८३९ मध्ये त्याला कळलं की रबरात गंधक घालून ते तापवलं की दोन्ही खोडी जातात. मोटार तेव्हा जन्मायचीच होती. कोट्यधीश होणं राहिलंच, कोर्टकचेऱ्या करून १८६० साली तो डोक्यावर कर्ज ठेवून गेला. त्याच्या नावाची टायर कंपनी १८९८ची, आणि तिच्याशी त्याचा संबंध फक्त नावापुरता.

पेट्रोलचं म्हणाल, तर १९२५ सालचं रबर म्हणजे झाडाचा चीक. सालीला तिरकी खाच द्यायची, खाली वाटी लावायची, गोळा झालेल्या चिकात आम्ल घालायचं. दुधात लिंबू पिळल्यासारखा तो गोठतो. मग लाटून पत्रे करायचे आणि त्यांना धुरी द्यायची. कृत्रिम रबराचे प्रयत्न जर्मनांनी पहिल्या महायुद्धात केले होते, पण ते महाग आणि हलक्या प्रतीचं निघालं. त्याचं खरं पेव फुटलं ते १९४२ मध्ये जपानने मलाया (आजच्या मलेशियाचा भाग) घेऊन झाडाचं रबर अडवल्यावर.

झाड पळवलं हे खरं, पण ब्राझीलमधून. १८७६ मध्ये हेन्री विकहॅमने सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू बागेत पोचवल्या. तिथली रोपं सिलोन, सिंगापूर, मलाया करत पसरली, आणि केरळात व्यापारी लागवड १९०२ पासून झाली. आपल्या बाल्कनीतल्या कुंडीतलं 'रबर प्लांट' वेगळं. ते आसामकडचं, वडाच्या कुळातलं. त्याच्याही चिकाचं रबर होतं, पण कमी प्रतीचं. आणि विषच शोधायचं असेल तर ते कॉंगोत शोधा. सायकलच्या टायरांची हौस वाढली तेव्हा बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या माणसांनी तिथल्या लोकांकडून हात तोडून, ओलीस धरून रबर वसूल केलं. १९०८ साली तो मुलूख राजाच्या खासगी मालकीतून बेल्जियम सरकारकडे गेला.

आता घर. आमच्या आजोबांच्या ट्रंकेत एक फाउंटन पेन आहे. मूळचं काळंभोर, आता शेवाळी-तपकिरी झालंय. अंगठ्याने जोरात घासून नाकाशी नेलं की गंधकाचा वास येतो. हे एबोनाइट, म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. आतली शाईची पिशवीसुद्धा रबराची. (ती कुजून तिचा भुगा झालाय.) कंगवे, टेलिफोनचा कानाला लावायचा भाग, चिलमीसारख्या पाइपची दांडी, इतकंच काय, कवळीची बैठकही याच कडक रबराची असायची. आज जिथे जिथे प्लास्टिक दिसतं, त्यातली कितीतरी कामं तेव्हा रबर करत होतं. म्हणजे त्या काळी रबर नव्हतं हे तर सोडाच, सोय असलेल्या घरात आजच्यापेक्षा जास्त कोपऱ्यांत होतं.

मऊ रबराची यादी तर संपत नाही. बाळाच्या बाटलीचं बूच, शेकायची पिशवी, एनिमाची नळी, डॉक्टरांच्या नळ्या, फुटबॉलचं ब्लॅडर, भोंग्याचा फुगा, बुटांच्या टाचा, कचेरीतला शिक्का. विजेच्या तारेवर आधी रबर आणि वर सुताची वीण. जुन्या वाड्यातली तार वाकवली की ते रबर बिस्किटासारखं तुटतं, हे वायरमनला विचारा. दवाखान्यात पेशंटखाली घालायच्या रबरी कापडाला नर्स आजही 'मॅकिंटॉश' म्हणतात. १८२३ साली दोन कापडांमध्ये रबर घालून जलरोधक कापड करणाऱ्या चार्ल्स मॅकिंटॉशचं हे नाव. आणि र. धों. कर्वे १९२१ पासून मुंबईत संततिनियमनाचं केंद्र चालवत होते, त्या काळची बहुतेक साधनंही रबराचीच. हा मुद्दा आमच्या ग्रुपवर लिहिला नाही, काकू आहेत तिथे.

एक मात्र मान्य. वजनाच्या हिशेबात तेव्हाही बहुतेक रबर टायरांतच जात होतं. पण फॉरवर्डसोबत एक चित्रही आहे, काळ्याकुट्ट टायरांच्या मोटारीशेजारी गुडइयर, खाली '१८३९'. मोटारीचं सोडा, पहिल्या मोटारींचे टायरही काळे नसत. काजळी घालायची पद्धत विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रुळली, त्याआधी ते पांढुरके असायचे. मिशेलिन या टायर कंपनीच्या जाहिरातीतला १८९८चा टायरांचा लठ्ठ माणूस पांढरा आहे तो त्यामुळेच.